सुईला घाबरू नका, सुईवर विसंबूही नका!

आपल्या मॅगेझिनच्या मराठी विभागात दरवर्षी काय छापून येतं हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पाऊस, आई, पहिलं प्रेम, हॉस्टेलमधला पहिला दिवस आणि ‘भ्रष्टाचार : एक कीड’. यंदा मराठी विभागाने ‘जरा वेगळे विषय द्या’ अशी नोटीस लावली, म्हणून हा वेगळा विषय. त्वचेचा कॅन्सर, आणि तो ओळखायला वापरतात ती बारीक सुई. थांबा, लगेच पान उलटू नका! मेसमध्ये जेवणाऱ्या प्रत्येकाशी या विषयाचा संबंध आहे. कसा, ते पुढे येईलच.

आधी एक सांगतो. मी डॉक्टर नाही. टी.ई. सिव्हिलचा साधा विद्यार्थी आहे. पण माझी ताई एका तालुक्याच्या गावी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. गेली तीन वर्षं सुट्टीत घरी गेलो की दुपारचा डबा घेऊन तिच्या लॅबवर जायचं आणि ती जेवेपर्यंत मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायचं, हा माझा उद्योग. तिथले सर (तिथले पॅथॉलॉजिस्ट) भले माणूस आहेत, प्रश्न विचारला की स्लाइड काढून दाखवतात. तिथे जे पाहिलं, ऐकलं आणि नंतर वाचलं, त्यावरून माझं एक ठाम मत झालंय. आपल्याकडे या सुईबद्दल दोन गैरसमज आहेत आणि दोन्ही जिवावर बेतणारे आहेत. पहिला, ‘सुई टोचली की कॅन्सर खवळतो’. दुसरा, ‘सुईचा रिपोर्ट चांगला आला, म्हणजे सुटलो’.

तुम्ही म्हणाल, त्वचेचा कॅन्सर हा गोऱ्या लोकांचा आजार, आपला काय संबंध? अर्धं बरोबर आहे. आपल्या कातडीतलं मेलॅनिन हे उन्हापासूनचं चांगलं कवच आहे आणि त्यामुळे ऑस्ट्रेलियासारख्या देशात हा कॅन्सर जितका दिसतो त्याच्या पासंगालाही आपल्याकडे पुरत नाही. पण ‘कमी’ म्हणजे ‘नाही’ नव्हे. हॉस्टेलच्या निम्म्या खोल्यांत ज्याचं पोस्टर आहे तो बॉब मार्ली आठवा. १९७७ मध्ये त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली मेलॅनोमा सापडला. फुटबॉल खेळताना लागलं असेल असंच आधी वाटलं होतं. अंगठा कापायला त्याने नकार दिला, फक्त नख आणि नखाखालचा भाग काढला. ११ मे १९८१ रोजी तो गेला, वय अवघं ३६. काळ्या-सावळ्या माणसांत मेलॅनोमा होतो तेव्हा तो बहुतेक वेळा असाच तळपायावर, तळहातावर नाहीतर नखाखाली होतो, म्हणजे जिथे ऊनही पोचत नाही आणि आपली नजरही! आपल्याकडे लोक त्याला कुरूप समजून ब्लेडने तासत बसतात. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, इथे कळसा पायाखाली आहे एवढंच.

आपल्याकडचे त्वचेचे कॅन्सर आपल्या राहणीतूनही आलेले आहेत. काश्मीरमध्ये थंडीत फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरून बसतात. वर्षानुवर्षं पोटाला आणि मांड्यांना ती धग लागून होणारा ‘कांगडी कॅन्सर’ एल्म्स्ली नावाच्या डॉक्टरने १८६६ मध्येच लिहून ठेवला होता. आणि मुंबईचं उदाहरण तर आपल्या घरचंच. टाटा मेमोरियल हॉस्पिटलचे डॉ. वसंत रामजी खानोलकर, ज्यांना भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक म्हणतात, त्यांनी १९४५ मध्ये ‘धोतर कॅन्सर’चं वर्णन केलं. कमरेला धोतर वर्षानुवर्षं एकाच जागी घट्ट आवळायचं, घाम, मळ, घर्षण, आधी तिथली कातडी जाड आणि पांढुरकी होते, मग चिघळते आणि काही जणांत तिथे कॅन्सर होतो. पुढे साडीच्या निरीच्या जागीही असेच रुग्ण नोंदले गेले. तिसरा प्रकार भाजल्याच्या जुन्या व्रणात होणारा. त्याला मार्जोलिनचा अल्सर म्हणतात. भाजल्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी तो व्रण पुन्हा फुटतो आणि काही केल्या भरत नाही. मेसचा विषय इथे येतो, पण आधी ती सुई समजून घेऊ.

या तपासणीचं नाव फाइन नीडल ॲस्पिरेशन सायटॉलॉजी, व्यवहारात ‘एफएनएसी’. सुई २२ ते २५ गेजची. इलेक्ट्रिकलवाल्यांना सांगायला नको की गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. सुयांचंही तसंच. २३ गेजची सुई बाहेरून साधारण ०.६ मिलिमीटर. आता गंमत बघा. एनएसएसच्या रक्तदान शिबिरात आपण बिस्किटाचा पुडा आणि सर्टिफिकेटसाठी हसत हसत हात पुढे करतो, तिथली सुई असते १६ गेजची, सुमारे १.६ मिलिमीटर. म्हणजे अडीचपट जाड! तिला कोणी घाबरत नाही आणि हिच्या नावाने घाम फुटतो.

पद्धत साधी आहे. गाठ दोन बोटांत पक्की धरायची, स्पिरिटने पुसायचं, सुई आत घालायची, सिरिंजचा दट्ट्या मागे ओढायचा आणि गाठीतल्या गाठीत सुई चार-पाच वेळा थोड्या वेगवेगळ्या दिशांनी पुढेमागे करायची. मला वाटायचं सगळी करामत त्या निर्वाताची. पण पेशी सुटतात त्या सुईच्या तिरप्या धारेने. ओढ फक्त त्यांना सुईच्या नळीत धरून ठेवते. म्हणूनच १९८० च्या दशकात फ्रान्समध्ये काही डॉक्टरांनी सिरिंज न लावताच, नुसत्या सुईने आणि केशाकर्षणाच्या जोरावर नमुने घेऊन दाखवले. फ्लुइड मेकॅनिक्सवाल्यांसाठी आणखी एक खुबी. सुई बाहेर काढण्याआधी दट्ट्या सोडून द्यावाच लागतो. नाही सोडला तर सुई बाहेर येताक्षणी बाहेरची हवा आत घुसते आणि नळीतला सगळा माल सिरिंजमध्ये उडतो. मग स्लाइडवर टाकायला काही उरत नाही. व्हायवाला विचारण्यासारखा प्रश्न आहे की नाही?

जो थेंबभर माल मिळतो तो काचेवर घेऊन दुसऱ्या काचेने पसरायचा. काही काचा लगेच अल्कोहोलमध्ये बुडवायच्या (पॅपनिकोलाऊ रंगासाठी), काही हवेत वाळवायच्या (गिम्सा रंगासाठी). अल्कोहोलला दोन-चार सेकंद उशीर झाला तरी पेशी सुकून फुगतात, हात जड पडला तर चिरडतात. ताई म्हणते, “रिपोर्टवर सही डॉक्टरची असते, पण रिपोर्ट नीट येईल की नाही हे हात ठरवतो.” वर्कशॉपमध्ये फायलिंग करून हाताला फोड आलेल्या कोणालाही हे पटेल.

ही कल्पना जुनी आहे. १९०४ मध्ये आफ्रिकेत झोपेच्या रोगाचे जंतू शोधायला ग्रेग आणि ग्रे यांनी मानेच्या गाठींत सुई घातली होती. कॅन्सरसाठी न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमध्ये मार्टिन आणि एलिस यांनी १९३० मध्ये आपले अनुभव छापले, पण त्यांची सुई १८ गेजची, जाड होती. आजच्यासारखी बारीक सुई रूढ केली ती १९५०-६० च्या दशकांत स्वीडनच्या कॅरोलिन्स्कामधल्या फ्रान्झेन, झायीचेक वगैरे मंडळींनी. आपल्यासारख्या देशाला ती न मानवती तरच नवल. भूल नको, ऑपरेशन थिएटर नको, टाका नको, खर्च कमी आणि उत्तर बऱ्याचदा त्याच दिवशी.

काचेवर काय दिसतं? मी पाहिलेल्या स्लाइड्सपैकी तीन विसरणं शक्य नाही. स्क्वॅमस सेल कॅन्सरमध्ये वेड्यावाकड्या आकाराच्या पेशी आणि पॅपच्या रंगात केरॅटिनचा भडक नारिंगी रंग. बेसल सेल कॅन्सरमध्ये लहान लहान पेशींचे घट्ट पुंजके, आणि कडेच्या पेशी कुंपणाच्या खांबांसारख्या ओळीने उभ्या. मेलॅनोमामध्ये पेशी एकमेकींना न धरता सुट्या विखुरलेल्या, केंद्रकात ठळक ठिपका, काही पेशींना दोन-दोन केंद्रकं आणि नशीब असेल तर तपकिरी-काळी रंगद्रव्याची पूड. नशीब म्हणतो, कारण काही मेलॅनोमात रंगच नसतो. मग एस-१००, एचएमबी-४५ असे खास रंग वापरून ओळख पटवावी लागते.

आता मुद्दा येतो मर्यादेचा. सिव्हिलवाल्यांना सॉइल मेकॅनिक्समधून हे चटकन कळेल. एसपीटीमध्ये ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून सोडून आपण नळी जमिनीत ठोकतो आणि वर येते ती विस्कटलेली माती. माती कोणती ते कळतं, पण थर जमिनीत जसे होते तसे राहत नाहीत. त्यासाठी पातळ नळीचा अविस्कळीत नमुना लागतो. एफएनएसी म्हणजे विस्कटलेला नमुना आणि बायोप्सी म्हणजे अविस्कळीत. सुईतून पेशी येतात, पेशींची मांडणी येत नाही. कॅन्सर कातडीत किती खोल गेलाय हे सुई सांगू शकत नाही.

आणि मेलॅनोमात खोलीच सगळं ठरवते! १९७० मध्ये अलेक्झांडर ब्रेस्लो या पॅथॉलॉजिस्टने दाखवून दिलं की मेलॅनोमाची मिलिमीटरमधली जाडी मोजली की रोग्याचं पुढे काय होणार याचा अंदाज येतो. आजही १, २ आणि ४ मिलिमीटर याच पायऱ्यांवर त्याची वर्गवारी होते. म्हणून तळपायावर किंवा अंगावर संशयास्पद काळा डाग असेल तर तिथे सुई हे उत्तर नव्हे. तो डाग शक्यतो अख्खा, कडेच्या थोड्या चांगल्या कातडीसकट काढून तपासायचा असतो. त्वचा समोरच आहे, छोटा तुकडा काढणं अवघड नाही. मग सुई कशाला, असं जे त्वचारोगतज्ज्ञ म्हणतात त्यांचं म्हणणं मला इथे शंभर टक्के मान्य आहे.

मग सुईची जागा कुठे? कातडीखालच्या गाठीत, आधी ऑपरेशन झालेल्या जागी पुन्हा आलेल्या गाठीत, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लसिका ग्रंथीत. पायावरचा कॅन्सर पसरला तर आधी जांघेत जातो, हातावरचा काखेत, चेहऱ्यावरचा मानेत. पण पायाला साधी जखम चिघळली तरी जांघेत अवधाण येतंच. बाहेरून हात लावून दोन्हींतला फरक नक्की सांगणं अनुभवी डॉक्टरलाही कठीण. तो निवाडा ०.६ मिलिमीटरची सुई पाच मिनिटांत करू शकते. तिथे कापाकापी आधी करायची गरजच काय?

आता मेसची गोष्ट सांगतो. आपल्या मेसमध्ये पोळ्यांवर असणारे एक काका गेल्या वर्षी दिसेनासे झाले हे जुन्या मुलांच्या लक्षात असेल. त्यांच्या परवानगीनेच लिहितोय. वीस-बावीस वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी कामाला असताना त्यांच्या पोटरीवर उकळतं तेल सांडलं होतं. तो व्रण गेल्या वर्षी फुटला आणि भरेचना. काकांनी पट्टी बांधून तीन महिने तसंच काम केलं. मग जांघेत गाठ आली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, जखमेचा तुकडा काढू आणि जांघेत सुईने तपासू. काका तयार होते. पण घरी चर्चा झाली. कोणी म्हणालं, “लोखंड लागलं की खवळतो तो.” कोणी एका गावाचा लेप सुचवला, कोणी नवस. काका गावी गेले. चार महिने लेप चालला.

चार महिन्यांनी सुई टोचली तेव्हा जांघेत स्क्वॅमस सेल कॅन्सर होता. चार महिन्यांपूर्वी तो तिथे होता की नव्हता? नुसतं अवधाण असतं तर पोटरीच्या ऑपरेशनवर भागलं असतं का? हे आता कोणीच सांगू शकत नाही, आणि मला राग येतो तो याचाच. ज्या प्रश्नाचं उत्तर पाच मिनिटांत मिळत होतं तो प्रश्न कायमचा अनुत्तरित राहिला. काकांचं ऑपरेशन झालं, जांघेतल्या ग्रंथीही काढल्या. पाय वाचला, पण तो सुजतो, तासन्‌तास उभं राहणं होत नाही. गावी मुलाच्या किराणा दुकानात बसतात.

आता मला सांगा, ‘खवळतो’ हे खरं आहे का? सुईच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी रुजल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत, नाहीत असं नाही. पण बारीक सुईच्या बाबतीत ती इतकी तुरळक आहेत की एकेक उदाहरण वेगळं छापलं जातं! उलट कॅन्सर पसरतो तो वेळेमुळे. मग हा समज आला कुठून? आपल्याकडे माणूस सुईपर्यंत पोचतो तेच मुळी उशिरा. पोचतो तेव्हा रोग आतून पसरलेलाच असतो. सुई टोचली, रिपोर्ट आला, आठवड्याभरात आणखी दोन गाठी सापडल्या. लोक म्हणतात, बघा, सुईने पसरला! कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. शिक्षा मात्र कावळ्याला, आणि त्याच्या पुढच्या दहा रोग्यांना.

दुसरा गैरसमज शिकलेल्या लोकांचा. ‘रिपोर्ट निगेटिव्ह आला, चला, पेढे वाटा.’ बोअरहोल जिथे घेतला तिथे कठीण मुरूम लागला म्हणून शेजारी काळी माती नसेलच असं कुठला इंजिनिअर लिहून देईल? सुईचंही तेच. गाठीच्या मधोमध पेशी मेलेल्या असू शकतात, सुई कडेला लागू शकते, नुसतं रक्त येऊ शकतं. आणि ‘नमुना अपुरा’ असं लिहिलेला रिपोर्ट म्हणजे तर निगेटिव्ह अजिबात नव्हे. तो ‘पेपर कोरा’ आहे, ‘पास’ नाही.

थोडं गणित करू. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत हं. समजा, १०० कॅन्सरपैकी ९० सुई पकडते आणि १० सुटतात, आणि नसलेला कॅन्सर ती कधीच ‘आहे’ म्हणत नाही. आता भाजलेल्या व्रणात जखम आणि जांघेत कडक गाठ असे १००० लोक घ्या, ज्यांच्यातल्या ६०० जणांना खरंच कॅन्सर आहे. सुई ५४० पकडेल, ६० सोडेल. निगेटिव्ह रिपोर्ट मिळाले ४६०, त्यातले ६० खोटे. म्हणजे दर शंभरात तेरा! आता दुसरे १००० लोक घ्या, पायाला काटा लागून अवधाण आलेले, ज्यांच्यात कॅन्सर फक्त ५० जणांना. सुई ४५ पकडेल, ५ सोडेल. निगेटिव्ह ९५५, त्यातले खोटे ५. दोनशेत एक. सुई तीच, हात तोच, कागदावरचं वाक्य तेच. पण पहिल्या माणसाने पेढे वाटले तर तो फसला, दुसऱ्याने वाटले तर हरकत नाही. प्रोबॅबिलिटीचा तो बेझ, ज्याला आपण ऑप्शनला टाकतो, तो इथे माणसाचा जीव वाचवतो. म्हणून चांगले डॉक्टर रिपोर्ट एकटा वाचत नाहीत. हाताला काय लागतं, सोनोग्राफी काय म्हणते आणि सुई काय म्हणते, हे तिन्ही जुळलं तर ठीक. न जुळलं तर पुन्हा सुई, नाहीतर तुकडा काढणं. अशा वेळी डॉक्टरने “पुन्हा टोचू” म्हटलं की “पैसे उकळतो” असं म्हणायची आपल्याला सवय आहे. ती सोडली पाहिजे.

असो. नुसती टीका करून लेख संपवणं सोपं असतं, म्हणून काही मागण्या करतो.

पहिली आपल्याकडेच. महिन्यातून एकदा आंघोळीच्या वेळी स्वतःचे तळपाय, नखं आणि जुने व्रण बघा. आकार, कडा किंवा रंग बदलणारा तीळ, नखात नव्याने उमटलेली काळी रेघ, महिना-दीड महिना न भरणारी जखम, यातलं काही दिसलं तर दाखवा. बहुतेक वेळा काही निघणार नाही, आणि तसं निघालं तर फारच छान! घरी फोन कराल तेव्हा आजी-आजोबांनाही विचारा, तळपायाचं कुरूप बरं झालं का म्हणून.

दुसरी कॉलेजकडे. प्रवेशाच्या वेळी आपण सगळे मेडिकल फिटनेस सर्टिफिकेट देतो. ते कसं मिळतं हे लिहीत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. पण मेसचे काका-मावशी, बागकाम करणारे मामा, बॉयलरवाले, दिवसभर गेटवर उन्हात उभे राहणारे वॉचमन, यांची तपासणी कोण करतं? जी माणसं रोज विस्तवापाशी आणि उन्हात असतात त्यांचीच कातडी कोणी बघत नाही. जवळच्या मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग विभागाला एक पत्र लिहून वर्षातून एक दिवस शिबिर घेता येईल. एनएसएसचे स्वयंसेवक आहेत, सेमिनार हॉल रिकामाच असतो. खर्च गॅदरिंगच्या साउंड सिस्टिमच्या भाड्याइतकाही येणार नाही. आणि शिबिरात कोणाला सुईची तपासणी सांगितली, तर त्या दिवसाचा पगार कापू नये, एवढं लेखी द्यावं. रोजंदारीवरचा माणूस सुईला जितका घाबरतो त्याहून जास्त खाड्याला घाबरतो.

तिसरी मागणी आपल्या शिकलेपणाकडे. सुट्टीत घरी गेल्यावर आपण मोबाइल दुरुस्त करून देतो, टीव्हीची वायर जोडून देतो. ‘इंजिनिअर आहे’ म्हणून गावात आपला शब्द ऐकतात. तर मग कोणी “लोखंड लावू नका” म्हणालं की तिथे गप्प बसू नका. रक्तदानाची १.६ आणि तपासणीची ०.६ हे दोन आकडे सांगा. आणि कोणी “निगेटिव्ह आलाय, आता कशाला दवाखाना” म्हणालं की बोअरहोलचा दाखला द्या. शेतात विहीर खणणाऱ्याला तो आपल्यापेक्षा लवकर कळेल.

मी ही तीन कामांची यादी मेस कमिटीच्या फळ्यावर लावली आहे. शिबिराच्या पत्राखाली आतापर्यंत एकशे बारा सह्या झाल्या आहेत. पत्र रेक्टर सरांच्या ऑफिसबाहेर, रजेच्या अर्जांच्या फाइलशेजारी ठेवलंय. पेन दोऱ्याने बांधलेलं आहे, कोणी नेऊ नये ही विनंती.

– एक हॉस्टेलकर, टी.ई. (सिव्हिल)